तात : पितृछत्र हरपलेल्याचा नित्यनेम

घरातील कर्ता पुरुष गेला म्हणजे घराची मिळकत थांबते, हे सर्वांना दिसते. परंतु मिळकतीबरोबर आणखी काही त्या घरातून निघून जाते व ते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पहाटे उठवणारी हाक, संध्याकाळी ‘आज काय केलेस?’ असे विचारणारी दृष्टी आणि चूक झाली असता रागावून पुन्हा जवळ घेणारा हात, ही तिन्ही एकदम नाहीशी होतात. मिळकतीची तूट कालांतराने भरून निघू शकते. पण या तिहींची जागा रिकामी राहिली, तर बुद्धिमान मुलेही हळूहळू विस्कळीत होतात. पुस्तक उघडले तरी मन लागत नाही. पहाटे जाग आली तरी ‘उठून करावयाचे काय?’ असे वाटते. हा नुसता आळस नव्हे, पुष्कळदा तो वेष पालटून आलेला शोकच असतो, हे त्या मुलाचे त्यालाही कळत नाही.

पितृछत्र केवळ मृत्यूनेच हरपते असेही नाही. कोणाचा पिता वर्षानुवर्षे दूरदेशी असतो, कोणाचा व्यसनाधीन असतो, कोणी घर सोडून गेलेला असतो, तर कोणी घरात असूनही मुलांच्या वाट्याला येत नाही. या सर्व मुलामुलींपुढचा प्रश्न मात्र एकच आहे. मनात दुःख, राग, लाज आणि इतरांच्या सुखाचा मत्सर दाटलेला असताना, शिवाय धाक घालणारे व पाठीवर हात ठेवणारे कोणी नसताना, नियमाने कसे वागावे?

व्यवहारात याचे ठरीव उत्तर असे मिळते की, ‘आधी मन सावरू दे, मग कामाला लाग.’ हे उत्तर प्रेमळ आहे खरे. परंतु मन सावरण्याची वाट पाहण्यात महिने जातात, वर्षे जातात, आणि रिकामे मन अधिकच ढासळत जाते. श्रीमद्भगवद्गीतेचा क्रम याहून निराळा आहे. मन शांत झाल्यावर कर्म करावे असे ती सांगत नाही; योग्य रीतीने कर्म करीत असतानाच मन शांत होऊ लागते असे ती सांगते. हा क्रम कोणासाठी सांगितला गेला, हे नीट पाहिले तर त्याचा अर्थ अधिक उलगडतो.

अर्जुनाचे पितृहीनत्व

अर्जुन स्वतः पितृहीन होता, ही गोष्ट गीता वाचताना आपण विसरून जातो. पंडुराजा वनात असतानाच मरण पावला, माद्रीने त्याच्यामागे देह ठेवला, आणि कुंती पाच लहान मुलांना घेऊन हस्तिनापुरास आली. तेथे भीष्मांनी त्या मुलांना वाढविले. महाभारताच्या भीष्मपर्वात एक हृदयस्पर्शी आठवण आहे. युद्धाच्या नवव्या रात्री, भीष्मांना कसे पाडावे याचा विचार चालला असता, अर्जुन श्रीकृष्णांना आपले बालपण सांगतो. खेळून धुळीने माखलेला तो पितामहांच्या मांडीवर चढे आणि त्यांना ‘तात’ म्हणून हाक मारी. ‘तात’ म्हणजे बाबा. त्यावर पितामह म्हणत की, मी तुझा तात नव्हे, तुझ्या पित्याचा तात आहे. हे उत्तर मायेनेच दिलेले होते. तथापि ज्याला ‘तात’ म्हणावे असे कोणीच उरले नाही, त्या बालकाच्या मनात ते उत्तर राहून गेले, आणि प्रौढपणी ऐन रणभूमीवर त्याला ते आठवले.

आता पहिल्या अध्यायाकडे वळावे. सव्विसाव्या श्लोकात अर्जुनाला सैन्यात कोण कोण दिसले त्याची मालिका आहे, आणि त्या मालिकेत सर्वांआधी पितृस्थानी असलेले वडीलधारे येतात, मागून पितामह व आचार्य. ज्याला पिता नव्हता, त्याने ज्या ज्या माणसांत पिता पाहिला होता, तीच माणसे समोर उभी होती. त्याचे गात्र शिथिल झाले, धनुष्य गळून पडू लागले, यात नवल ते कोणते? त्याचा विषाद हा केवळ तत्त्वविचारातला संशय नव्हता. तो फार जुन्या पोकळीतून वर आलेला शोक होता.

अशा मनुष्याशी भगवंत कसे वागले? पहिली गोष्ट, त्यांनी त्याचे सारे बोलणे मध्ये न तोडता ऐकून घेतले. दुसरी गोष्ट, ऐकल्यावर त्याची खोटी समजूत काढली नाही. दुबळेपणा टाकून उठण्यास स्पष्ट शब्दांत सांगितले. एवढ्यानेही तो उठला नाही आणि ‘मी लढणार नाही’ असे म्हणून गप्प बसला. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. दुसऱ्या अध्यायाचा दहावा श्लोक सांगतो की, भगवंतांनी दोन्ही सैन्यांच्या मध्येच, जणू हसत हसत, पुढचा उपदेश केला. रथ मागे फिरवला नाही. ‘शिबिरात जा, दुःख ओसरल्यावर परत ये’ असे म्हटले नाही. कर्तव्याची जागा न सोडता, त्याच जागी उभे राहून ज्ञान दिले गेले.

त्याच अध्यायाच्या चौदाव्या श्लोकात सुखदुःखांचे स्वरूप सांगितले आहे. ती शीतोष्णाप्रमाणे येतात आणि जातात. ती टिकणारी नाहीत, म्हणून ती सोसावीत. सोसणे म्हणजे नाकारणे नव्हे. थंडी वाजत असता ‘थंडी नाहीच’ असे म्हणणारा मनुष्य आजारी पडतो. थंडी आहे हे जाणून, अंगावर घोंगडी घेऊन शेतावर जाणारा मनुष्य आपले काम करून येतो. शोकाचेही असेच आहे. ‘आज मला बाबांची फार आठवण येत आहे, आणि आज मला दोन तास अभ्यासही करावयाचा आहे’ ही दोन वाक्ये एकाच मनात एकाच वेळी राहू शकतात. पहिले वाक्य पुसल्यावाचून दुसरे लिहिता येत नाही, ही समजूतच आपल्याला अडवते.

पित्याची तीन कामे

सहाव्या अध्यायाच्या पाचव्या व सहाव्या श्लोकांत भगवंत सांगतात की, मनुष्याने आपला उद्धार आपणच करावा. तो स्वतःच आपला बंधू आहे आणि स्वतःच आपला शत्रू. पितृहीन मुलाच्या बाबतीत या वचनाचा अगदी व्यावहारिक अर्थ होतो. जे काम बाहेरून पिता करीत असे, ते आतून आपल्याला करावयाचे आहे. आरंभी म्हटल्याप्रमाणे हे काम तीन प्रकारचे आहे : वेळ नेमून देणे, लक्ष ठेवणे आणि चूक झाल्यावर क्षमा करून पुन्हा उभे करणे. या तिहींचा क्रमाने विचार करू.

पहिले, वेळ नेमणे. सहाव्या अध्यायाच्या सोळाव्या व सतराव्या श्लोकांत आहार, विहार, निद्रा, जागरण आणि कर्म ही सर्व प्रमाणात असावीत असे सांगितले आहे. ज्याने अती खाल्ले वा मुळीच खाल्ले नाही, जो अती झोपला वा जागतच राहिला, त्याला योग साधत नाही. नियम मोठा असावा असे येथे कोठेही म्हटलेले नाही. तो मापात असावा असे म्हटले आहे. महात्मा गांधींचे वडील १८८५ साली वारले, तेव्हा गांधीजी १६ वर्षांचे होते. पुढे १९०३ च्या सुमारास जोहान्सबर्ग येथे वकिलीचा मोठा व्याप सांभाळीत असताना त्यांना गीता पाठ करण्याची इच्छा झाली. वेगळा वेळ तर नव्हता. सकाळी दात घासण्यास १५ मिनिटे आणि स्नानास २० मिनिटे लागत. दात घासताना उभे राहावयाच्या जागेसमोर भिंतीवर ते गीतेतील श्लोकांच्या चिठ्ठ्या लावून ठेवीत. रोजच्या या वेळात नवे श्लोक पाठ होत आणि जुन्यांची उजळणी होई. अशा रीतीने त्यांचे १३ अध्याय पाठ झाले, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. येथे उत्साहाची वाट पाहिलेली नाही. जी गोष्ट रोज होणारच आहे, तिच्या खुंटीला नवा नियम अडकवला आहे. ज्याचे मन खचले आहे त्याने हेच करावे. आंघोळ होणारच आहे, तिच्यानंतर लगेच अर्धा तास वाचन; संध्याकाळी दिवा लागणारच आहे, त्यानंतर लगेच गणिताची चार उदाहरणे. वेळ मनाला विचारून ठरवू नये, कारण दुःखी मन नेहमी ‘उद्या’ असेच उत्तर देते.

दुसरे, लक्ष ठेवणे. कोणी पाहत नसताना नियम पाळणे हे सर्वांत कठीण आहे. या बाबतीत छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाची कथा मननीय आहे. त्याला पिता माहीतच नव्हता. गुरूकडे जाण्यापूर्वी त्याने आईला आपले गोत्र विचारले. आई म्हणाली की, तरुणपणी पुष्कळ ठिकाणी सेवा करीत फिरत असता तू मला झालास. तुझे गोत्र मला ठाऊक नाही. माझे नाव जबाला, तुझे सत्यकाम. तेव्हा तू आपणास सत्यकाम जाबाल म्हणवून घे. मुलाने हे सारे गौतम हारिद्रुमत ऋषींपुढे जसेच्या तसे सांगितले. या सत्यासाठीच ऋषींनी त्याला शिष्य केले आणि कळपातून कृश व दुबळ्या अशा ४०० गाई निवडून त्याच्या स्वाधीन केल्या. त्या हाकीत नेताना सत्यकाम म्हणाला की, या १,००० झाल्यावाचून मी परतणार नाही.

या कथेतील दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. गुरूने त्याच्या शेजारी बसून देखरेख केली नाही. तो वर्षानुवर्षे रानात एकटा होता. तरीही कळप वाढला, कारण ज्याने लाजेची गोष्टही खरी सांगितली, तो स्वतःला खोटा हिशेब देऊ शकत नव्हता. दुसरी गोष्ट अशी की, त्याला मिळालेले भांडवल उत्तम नव्हते. दुबळ्या गाईच त्याच्या वाट्याला आल्या होत्या. ‘मला चांगले काही मिळालेच नाही’ असे म्हणत तो बसला नाही. पुढे बैल, अग्नी, हंस आणि पाणकोंबडा यांनी त्याला ब्रह्माचा एकेक पाद शिकविला. ज्याला पिता लाभला नाही, त्याला चराचर सृष्टी शिकवू लागली. मात्र ती शिकवण कळप १,००० झाल्यावर मिळाली, आधी नव्हे.

तिसरे, क्षमा करणे. नियम ठरतो, चार दिवस चालतो आणि पाचव्या दिवशी मोडतो. ज्याच्या घरी पिता आहे त्याला बोलणी बसतात व सहाव्या दिवशी गाडी पुन्हा रुळावर येते. पितृहीन मूल मात्र स्वतःलाच दोन कठोर शिक्षा देते : आधी ‘मी नालायक आहे’ असे म्हणते, आणि मग सर्वच सोडून देते. येथेच गीता अत्यंत कोमल होते. अर्जुन म्हणतो, मन वाऱ्यासारखे आहे, ते आवरणे फार कठीण. भगवंत हे अमान्य करीत नाहीत. मन चंचल आहे हे कबूल करूनच ते अभ्यास व वैराग्य हे उपाय सांगतात. अभ्यास म्हणजे काय, तेही सव्विसाव्या श्लोकात आधीच सांगून झाले आहे : मन जेथे जेथे भटकेल तेथून तेथून त्याला परत आणावे. याचा अर्थ असा की, मन भटकणे हा अभ्यासाचा भंग नव्हे. परत आणणे हाच अभ्यास होय. दहा वेळा गेलेले मन ज्याने दहा वेळा आणले, त्याचा अभ्यास दहा वेळा झाला.

यावर अर्जुन एक शेवटची भीती बोलून दाखवतो. ज्याची श्रद्धा आहे पण प्रयत्न अपुरा पडला, तो विरलेल्या ढगासारखा दोन्हीकडून नष्ट तर होत नाही ना? चाळिसाव्या श्लोकात भगवंत उत्तर देतात की, कल्याणाचे कर्म करणारा कोणीही दुर्गतीस जात नाही. हे उत्तर देताना ते अर्जुनाला ज्या शब्दाने हाक मारतात, तो शब्द आहे ‘तात’. संपूर्ण गीतेत भगवंत अर्जुनाला या शब्दाने एवढ्या एकाच ठिकाणी संबोधतात. श्रीशंकराचार्य भाष्यात सांगतात की, ‘तात’ म्हणजे मूळ पिता. पिताच पुत्ररूपाने विस्तारतो म्हणून पुत्रालाही तात म्हणतात, आणि शिष्य हा पुत्राप्रमाणेच असतो. लहानपणी ज्या हाकेला ‘मी तुझा तात नव्हे’ असे उत्तर मिळाले होते, तीच हाक आता त्याला उलट ऐकू आली. ती विजयाच्या क्षणी आली नाही. ‘मी मध्येच पडलो तर?’ असे त्याने विचारले त्या क्षणी आली. पित्याची खरी गरज तेव्हाच असते.

राग आला तर?

काही मुलांच्या मनात शोकापेक्षा राग अधिक असतो. देवावरच राग येतो, आणि त्या रागाचे पाप वाटून मन आणखी कोंडते. अशांनी स्वामी विवेकानंदांच्या आयुष्यातील १८८४ हे वर्ष आठवावे. त्या वर्षी फेब्रुवारीत त्यांचे वडील विश्वनाथ दत्त अकस्मात वारले. घरावर कर्ज निघाले, नातलगांनी राहत्या घरासाठी दावे लावले. तरुण नरेंद्र नोकरीसाठी कलकत्त्याच्या रस्त्यांतून उपाशीपोटी, अनवाणी हिंडला. घरात अन्न थोडे आहे असे दिसले की, बाहेर जेवणाचे आमंत्रण आहे असे सांगून तो निघून जाई. एके सकाळी त्याने अंथरुणातून उठताना देवाचे नाव घेतले, तेव्हा त्याची भाविक आईच त्राग्याने त्याला गप्प राहण्यास सांगती झाली. त्याच्याही मनात देवाविषयी कठोर प्रश्न उठले आणि ते त्याने लपविले नाहीत. परंतु प्रश्न मनात असतानाही त्याने काम शोधणे सोडले नाही, आणि दक्षिणेश्वरी श्रीरामकृष्णांकडे जाणेही कायमचे सोडले नाही. राग आला म्हणून नाते तुटत नाही. पुत्र पित्यावर रागावतोच. नाते तुटते ते येणेजाणे थांबल्याने.

गृहस्थांचे कर्तव्य

येथवर मुलांना उद्देशून लिहिले. पण हा भार एकट्या मुलाने वाहावा, असे धर्म सांगत नाही. पुष्कळ घरांत तेराव्या दिवशीच पंधरा वर्षांच्या मुलाला ‘आता तूच घरातला कर्ता’ असे सांगण्यात येते. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, परंतु त्या एका वाक्याने मुलाचे रडणे बंद होते व शोक आत राहतो. त्याऐवजी कोणी वडीलधाऱ्याने वरील तीन कामांपैकी एक तरी आपल्याकडे घ्यावे. गोपाळ कृष्ण गोखले यांचे वडील १८७९ साली वारले, तेव्हा गोपाळराव १३ वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव स्वतःही शिकतच होते. त्यांनी शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यातून ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. गोपाळराव स्वतः हाताने स्वयंपाक करून, काटकसरीने राहून शिकले आणि १८८४ साली पदवीधर झाले. पुढे देशाने गोखल्यांना ओळखले, गांधीजींनी त्यांना आपले राजकीय गुरू मानले. परंतु त्या शिक्षणाच्या मुळाशी एका भावाने निम्म्याहून अधिक पगार दर महिन्याला न चुकता धाडण्याचा नेम होता. काका, मामा, शेजारी, शिक्षक यांनी हे ध्यानात ठेवावे. आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, ‘या आठवड्यात काय वाचलेस?’ एवढे विचारणारा मनुष्यही मुलाला पुष्कळ आधार देतो. मात्र विचारणे सुरू केले तर ते मध्येच सोडू नये, कारण त्या मुलाने एकदा सोडून जाणे पाहिलेले आहे.

साधन

आता आचरणात आणण्यासारख्या पाच गोष्टी सांगून हा पाठ पुरा करू.

१. एकच नियम घ्यावा आणि तो इतका लहान घ्यावा की अत्यंत वाईट दिवशीही तो पाळता यावा. दुसऱ्या अध्यायाच्या चाळिसाव्या श्लोकात या धर्माचे थोडेसे आचरणही मोठ्या भयापासून तारते असे आश्वासन आहे. मोठा संकल्प करून मोडण्यापेक्षा थोडा करून टिकवावा.

२. त्या नियमाची वेळ रोजच्या निश्चित कृत्याला जोडावी. त्या वेळेपुरता मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा; मनाला भटकण्याचे साधन हाताशी ठेवून त्याच्याशी झगडत बसू नये.

३. रात्री निजण्यापूर्वी वहीत दोन ओळी लिहाव्यात : आज काय केले, आणि आज मनाला काय वाटले. पहिली ओळ हिशेबाची, दुसरी सत्याची. दोन्ही सत्यकामासारख्या निर्भीडपणे लिहाव्यात.

४. नियम मोडला तर त्याचे कारण एका वाक्यात लिहावे आणि दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी पुन्हा आरंभ करावा. दुप्पट काम करून भरपाई करू नये. तीही स्वतःला केलेली शिक्षाच आहे.

५. झोप, अन्न व रोजची कामे आठवड्यामागून आठवडे बिघडलेली राहिली, अथवा जगणेच नकोसे वाटू लागले, तर ते साधनेचे अपयश समजू नये. शरीराला ताप आला तर आपण वैद्याकडे जातो, तसेच मनाच्या आजारासाठी डॉक्टरांकडे जावे आणि घरच्यांना त्याच दिवशी सांगावे. केंद्र सरकारने २०२२ साली टेली-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू केली असून १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते. मदत मागणे हे अर्जुनानेही केले. तो शिष्य होऊन शरण गेला, तेथूनच गीतेचा उपदेश सुरू झाला.

नवव्या अध्यायाच्या सतराव्या श्लोकात भगवंत स्वतःला या जगाचा पिता म्हणतात, आणि अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून भयभीत झालेला अर्जुन त्यांना चराचराचा पिता म्हणून नमस्कार करतो. पिता जसा पुत्राचे सोसतो तसे माझे सोसा, अशी तो विनवणी करतो. पितृहीन अर्जुनाच्या मुखी ही उपमा सहज आली. तथापि त्याला हे दर्शन पहिल्या अध्यायात झाले नाही. आधी त्याने डोळ्यांत पाणी असताना ऐकून घेतले, प्रश्न विचारले, मन आवरत नाही हे कबूल केले आणि रथातील आपली जागा सोडली नाही. आपल्यालाही एवढेच करावयाचे आहे. उद्याच्या पहाटे हाक मारणारे कोणी नसेल. तरी आंघोळ होईल, त्यानंतर ठरलेले पान उघडावे. मन इकडे तिकडे गेले तर त्याला हळूच परत आणावे, आणि असे करणाऱ्याला भगवंत ‘तात’ म्हणतात हे आठवावे.